जोडणी काकाच करतील

शहागंजच्या मागच्या गल्लीत माझं कॉम्प्युटरचं दुकान आहे. पाटीवर माझं नाव आहे, लायसन माझ्या नावावर आहे, विजेचं बिल मी भरतो. तरीही सिल्लोडहून किंवा जालन्याहून माणूस आला की चौकात विचारतो, "काकांचं दुकान कुठंय?" आणि रिक्षावाला त्याला सरळ माझ्या दारात आणून सोडतो. काका आता नाहीत. दुकान मात्र अजून त्यांचंच आहे.

ते माझे काका नव्हते, घरमालक होते. खाली दुकानाचा गाळा आणि वर त्यांचं घर. गाळा बघायला गेलो तेव्हा मी नुकताच दुसऱ्याच्या दुकानातली नोकरी सोडली होती आणि खिशात फारसं काही नव्हतं. पण भाव करण्यात मी कुणाला ऐकत नाही. आमचे वडील अजिंठ्याकडे मेंढरं राखायचे. बाजारात रुमालाखाली बोटं धरून सौदे चालायचे, ते बघत मी मोठा झालो. त्यामुळे काकांनी भाडं सांगितलं तसं मी सवयीनं ते अर्ध्यावर आणलं आणि उठायच्या तयारीत बसलो. अशा वेळी समोरचा चिडतो, मग थोडा खाली येतो, मग आपण थोडं वर जायचं, ही रीत आहे.

काका म्हणाले, "चालंल."

मला तेव्हाच कळायला हवं होतं.

"पण एक अट हाय," ते म्हणाले. "तुमच्या दुकानात जे मशीन बनंल, त्याच्या एसएमपीएसची जोडणी मी करणार. दुसऱ्यानं हात लावायचा नाय. तुम्हीबी नाय."

एसएमपीएस म्हणजे कॉम्प्युटरच्या कॅबिनेटमध्ये मागच्या कोपऱ्यात बसणारा लोखंडी डबा. भिंतीतली वीज तो आत घेतो आणि मशीनला सोसेल अशी करून रंगीत वायरींच्या झुबक्यातून एकेका भागाला पोचवतो. जोडणी म्हणजे त्या वायरी ज्याच्या त्याच्या जागी लावणं. दहा मिनिटांचं काम. मला वाटलं, म्हातारा रिटायर झालाय, वेळ जात नसेल, बसू दे. मी लगेच हो म्हटलं. करारनाम्यात ही अट लिहिताना बाँड रायटरनं सहज विचारलं की हा एसएमपीएस काय प्रकार आहे. काकांनी त्याला इतकं समजावलं की त्याच्यापुढची रांग दुसऱ्या टेबलाकडे सरकली. बाहेर येऊन मी उसाचा रस प्यालो. आयुष्यातला सगळ्यात चांगला सौदा केला, असं मला वाटत होतं.

काका मूळचे चितेगावचे. घरची जमीन भरपूर. त्यातली काही कारखान्यांत गेली आणि त्यातल्याच एका कारखान्यात काकांना नोकरी लागली, विजेच्या पॅनल रूममध्ये. आपल्याच शेतात आपण ड्युटी करतो, असं ते सांगायचे. पूर्वी विहीर होती तिथं आता ट्रान्सफॉर्मर आहे, एवढाच फरक. नोकरीची गरज नव्हती, पण पॅनल रूम सोडवेना. निवृत्त झाल्यावर त्यांना बहुतेक माझं दुकान हीच पॅनल रूम वाटत असावी.

त्यांची जोडणी बघण्यासारखी असायची, म्हणजे बघणाऱ्याला घाई नसेल तर. मी बोर्ड, प्रोसेसर, रॅम, डिस्क सगळं बसवून तयार ठेवायचो आणि जिन्याकडे तोंड करून हाक मारायचो. काका पांढरा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून, हातात चहाचा पेला घेऊन सावकाश उतरायचे. चहा संपल्याशिवाय मशीनकडे बघायचेसुद्धा नाहीत. मग मनगटावरचं घड्याळ, बोटातली अंगठी आणि गळ्यातली साखळी काढून माझ्या गल्ल्यावर ठेवायचे. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावायचे, म्हणजे अंगातली वीज निघून जावी. पिन भिंतीतून काढलेली आहे का, हे मी सांगितलेलं असलं तरी स्वतः खाली वाकून बघायचे.

त्यानंतर डबा तळहातावर घेऊन तोलायचे. डोळे मिटून. ही त्यांची खास परीक्षा होती. आतला ट्रान्सफॉर्मर, तांब्याची कॉइल, उष्णता शोषणारे ॲल्युमिनियमचे पत्रे, हे सगळं खरं असेल तर डबा जड लागतो. कंपनीनं आत काटकसर केली असेल तर हलका. पॅनल रूममध्ये आयुष्य गेल्यामुळे आपला हात खोटं बोलत नाही, यावर त्यांचा एवढा विश्वास होता, जेवढा कुणाचा देवावरही नसेल. डबा पसंत पडला की हिरवी आणि काळी वायर काकूंच्या केसांच्या आकड्यानं जोडून पंखा फिरतो का बघायचा. मग जोडणी. आधी बोर्डाचा मोठा जोड, मग प्रोसेसरजवळचा छोटा, शेवटी डिस्क.

"प्रोसेसरचं कौतुक सगळे करत्यात," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "त्याला वाढतं कोण, ते कुणी विचारत नाय."

मोठा जोड बसताना त्याची कडी टक् करून वाजते. ती वाजली नाही तर जोड अर्धवट बसलेला असतो, पुढे तापतो आणि जळतो. हे खरं आहे. पण काकांना ती गिऱ्हाइकालाही ऐकवायची असायची. "वाजलं का?" असं विचारायचे, आणि गिऱ्हाइकानं "वाजलं" म्हटल्याशिवाय पुढची वायर उचलायचे नाहीत. एकदा कॉलेजातले एक प्राध्यापक मशीन न्यायला आले. नेमके जोडणीच्या वेळी फोनवर बोलत होते. काकांनी विचारलं, "वाजलं का?" प्राध्यापकांनी हातानंच चाललंय, चालू द्या, अशी खूण केली. काकांनी जोड उपसून काढला आणि हातात धरून उभे राहिले. फोन संपल्यावर परत बसवला.

"वाजलं का, सर?"

"अहो, तुम्ही ऐकलं ना? मग झालं."

"मशीन माझ्या घरी ठेवायचं हाय का?"

प्राध्यापक वाकून, कान कॅबिनेटजवळ नेऊन, "वाजलं" म्हणाले. ते पुन्हा माझ्या दुकानात आले नाहीत. काकांच्या मते त्यात दुकानाचा फायदाच होता.

सिडकोतल्या एका गिऱ्हाइकाचं तर त्यांनी मशीनच अडवून धरलं. त्याच्या घरी अर्थिंग आहे का, हे विचारल्यावर त्याला अर्थिंग म्हणजे काय तेच माहीत नव्हतं. काका टेस्टर घेऊन त्याच्या घरी गेले. भिंतीतलं तिसरं भोक नुसतंच भोक होतं, मागे वायरच नव्हती. कॉम्प्युटर घ्यायला आलेल्या त्या माणसानं आधी अंगणात खड्डा खणला, त्यात कोळसा भरला, काकांनी उभं राहून तांब्याची पट्टी गाडून घेतली, आणि मग आठवड्यानं त्याला मशीन मिळालं. आठवडाभर ते माझ्या दुकानात जागा अडवून होतं, याचं काकांना काही नव्हतं.

आणि गंमत अशी की या माणसानं आयुष्यात कॉम्प्युटर वापरला नाही. पंखा फिरला, दिवा लागला की त्यांचं काम संपलं. पडद्यावर काय आलं हे बघायला ते थांबत नसत. घड्याळ, अंगठी, साखळी चढवायची आणि जिन्यानं वर. मी एकदा म्हटलं, "काका, बसा, तुम्हाला इंटरनेट दाखवतो."

"जेवण वाढणाऱ्यानं पाव्हण्याच्या ताटात बघत बसू नये, शेठ," ते म्हणाले.

मला ते पहिल्या दिवसापासून शेठ म्हणायचे. तेव्हा माझ्या पायात दुसऱ्याच्या चपला होत्या. त्या शब्दात चेष्टा किती आणि मान किती, हे मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही, आणि याचाही मला राग आहे.

आता मुख्य गोष्ट सांगतो.

टायपिंगच्या परीक्षा कॉम्प्युटरवर व्हायला लागल्या, तशा टाइपरायटरवाल्या इन्स्टिट्यूट एकामागून एक मशीन घेऊ लागल्या. त्यातल्या एका मोठ्या इन्स्टिट्यूटच्या बाई माझ्याकडे आल्या. त्यांना एकदम वीस मशीन हवी होती, परीक्षेच्या आत. तोवर मी एकेक मशीन विकणारा माणूस. शिवाय मराठवाड्यातल्या निम्म्या टायपिंगवाल्यांचं पान या बाईंना विचारल्याशिवाय हलत नव्हतं. बाईंचं समाधान झालं तर जालना, बीड, परभणी, सगळीकडची कामं मला मिळणार होती. आणि बिघडलं तर शहरात या धंद्यात माझं नाव कुणी घेणार नव्हतं. बाईंनी तसं स्पष्टच सांगितलं. "मी दुकानदाराला एकदाच संधी देते," असं त्यांचं बोलणं.

मी स्टेशनकडच्या एका होलसेलवाल्याकडून एसएमपीएस आणले. काकांनी पहिलाच डबा तळहातावर घेतला आणि लगेच खाली ठेवला.

"शेठ, ही रिकामी पेटी हाय. उन्हाळ्यात व्होल्टेज वरखाली झालं की फटाक्यावानी उडंल. जोडणार नाय."

मी होलसेलवाल्याकडे परत गेलो, भांडलो आणि माल बदलून मागितला. तो म्हणाला, "भाऊ, तुम्हाला जड पाहिजे ना? जड देतो." दोन दिवसांत दुसरा माल आला, खरंच जड. भाव तोच. हे मला खटकलं. काकांनी डबा तोलला, डोळे उघडले, आणि तो मला हातात देऊन म्हणाले, "घ्या. याला म्हणत्यात माल."

मी म्हटलं, "काका, तोच भाव आणि दुप्पट वजन कसं? नुसत्या वजनावर जाऊ नका. आमच्याकडं बाजाराच्या आदल्या दिवशी मेंढराला मीठ चारतात. मग ते रात्रभर पाणी पितं आणि सकाळी तोलायला जड भरतं."

काका हसले. "मेंढराला लघवी व्हती, शेठ. वजन उतरतं. याला व्हत नाय."

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, तीही हसली. मग काका त्यांच्याकडे वळून म्हणाले, "धनगराच्या पोराला कॉम्प्युटरमध्येबी मेंढरूच दिसतं." काकांना वाटलं, आपण कौतुक केलं. चितेगावच्या जमीनवाल्याच्या तोंडी ते कौतुक कसं लागतं, हे ऐकणाऱ्यालाच कळतं. मी डबा परत खोक्यात ठेवला. डबा उघडून बघायचा तर वरचं वॉरंटीचं सील फोडावं लागतं, आणि सील फुटलं की माल आपल्या गळ्यात. संशयावर कुणी सील फोडत नाही. मी दुकानदार आहे, पॅनल रूममध्ये पगार घेणारा नाही.

मशीन तयार व्हायला लागली. काका रोज चहा पिऊन उतरत, अंगठी काढत, तोलत, जोडत. निम्म्याहून जास्त काम झालं असेल, तेव्हा बाई स्वतः बघायला आल्या. काकांना तेच हवं होतं. बाईंना त्यांनी स्टूल दिलं आणि "वाजलं का?" सुरू केलं. बाई दरवेळी शाळेतल्यासारखं "वाजलं" म्हणत होत्या. खूश दिसत होत्या. मी मनात बीड आणि परभणीची कामं मोजत होतो.

तेवढ्यात काकांनी एक कॅबिनेट आडवं केलं आणि एसएमपीएसच्या डब्यात काहीतरी घरंगळलं. खड्.

काकांनी कॅबिनेट परत उभं केलं. परत खड्.

"बाई, हे नाय वाजायला पाहिजे," ते म्हणाले.

त्यांनी डबा सोडवला, कानाशी हलवला, आणि माझ्याकडे न बघता पेचकस उचलला. मी म्हटलं, "काका, सील. काका, ते सील राहू द्या." त्यांनी अंगठ्याच्या नखानं ते फाडलं. चार स्क्रू काढले, झाकण उघडलं. आत पत्त्यांच्या कॅटाएवढा लोखंडाचा ठोकळा होता, गोंदानं चिकटवलेला, आता सुटलेला. बाकी डबा जवळजवळ रिकामा. दोन कॉइल आणि एक पंखा.

मी सांगतो, त्या क्षणी काका माझ्याकडे वळून "शेठ, तुम्ही बरोबर बोलला होता" एवढं म्हणाले असते, तर मी पुढचं सगळं माफ केलं असतं. पण त्यांचा चेहरा असा झाला की जणू कुणी त्यांचा हात कापून नेला. त्यांनी दुसरा डबा उचलला. सील फाडलं. तिसरा उचलला. जोडलेले काढले, न जोडलेले खोक्यातून काढले. मी त्यांचा दंड धरला.

"काका, काय करताय? उघडले तर परत घेणार नाही तो. एक उघडला तेवढा पुरे आहे, पुरावा झाला."

"सोडा हात."

"दुकान माझं आहे."

"जोडणी माझी हाय," ते म्हणाले, आणि खरंच, ते करारनाम्यात होतं.

सगळे डबे उघडून त्यांनी लोखंडाचे ठोकळे काउंटरवर ओळीनं मांडले. मग बाईंना म्हणाले, "बाई, यातलं एकबी मशीन घेऊ नका." माझ्या दुकानात, माझ्या गिऱ्हाइकाला. बाई उठल्या, पर्स खांद्याला लावली आणि मला म्हणाल्या, "तुम्ही मला कळवा काय ते. परीक्षा काही थांबत नाही." त्या गेल्यावर मी काकांना जे बोललो ते लिहिण्यासारखं नाही. काकूंनी वरून खिडकी लावून घेतली. काका सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "एवढा मोठा आवाज हाय तुमचा. त्या दिवशी कुठं व्हता, मीठ सांगताना?"

दुसऱ्या दिवशी सगळा माल टेम्पोत टाकून मी होलसेलवाल्याकडे निघालो, तर काका आधीच टेम्पोत पुढे बसलेले. मांडीवर पिशवी. मी तिथं पोचून माझ्या पद्धतीनं सुरुवात केली, आधी गोड, मग तिखट. होलसेलवाल्यानं फक्त बोट दाखवलं. "भाऊ, सील फुटलंय. सील फुटलं की माल तुमचा. हे तुम्हीच तुमच्या गिऱ्हाइकांना सांगता ना?" सांगतो. आयुष्यात पहिल्यांदा भाव करताना माझी बोलती बंद झाली.

काकांनी एक खुर्ची ओढली आणि त्याच्या काउंटरशी बसले. पिशवीतून एकेक ठोकळा काढून काचेवर ठेवला. मग चहा मागवला. दुकानात येणारा प्रत्येक जण विचारायचा, "काका, हे काय आहे?" काका घोट घेऊन सांगायचे, "हे व्हय? हे याच्या एसएमपीएसमधलं. नवीन आलंय." एवढंच. भांडण नाही, आवाज नाही. एका माणसानं तर खरंच विचारलं, "कशाला लागतं हे?" काका म्हणाले, "हाताला बरं वाटावं म्हणून."

होलसेलवाल्यानं दुपारपर्यंत दम धरला. त्यानं काकांना जेवायला बोलावलं, काका डबा घेऊन आले होते. "काका, बैठो, लेकिन वो सामान अंदर रख दो," असं तो मग हिंदीतही म्हणून बघत होता. संध्याकाळच्या आत त्यानं दुसऱ्या, नावाजलेल्या कंपनीचा माल दिला, वरचा फरक न घेता. मी तासभर घसा कोरडा केला त्याचं काही झालं नाही, आणि हा माणूस चहा पीत बसून सौदा जिंकला.

मी बाईंच्या हातापाया पडून मशीन त्यांच्याच इन्स्टिट्यूटमध्ये जोडून द्यायचं कबूल केलं. परीक्षा तोंडावर होती. टाइपरायटर काढून नेलेली रिकामी टेबलं, भिंतीला टेकून बसलेले बाईंचे दोन शिक्षक, दारात गर्दी करणारी परीक्षेची मुलं. काका अंगठी काढून तयार. मी नवीन डबा खोक्यातून काढून त्यांच्यासमोर धरला, तोलायला. त्यांनी हात पुढे केलाच नाही.

बाईंनी विचारलं, "काका, हे तरी बरोबर आहेत ना? तुम्ही सांगा, म्हणजे मी घेते."

"मला नका विचारू," काका म्हणाले. "माझा हात फसतो. मेंढराला मीठ चारून वजन वाढवत्यात, हे या शेठला ठाऊक व्हतं. त्यांनी मला सांगितलंबी. मीच हसलो. त्यांना कळतं. त्यांना विचारा."

ज्या वाक्याची मी वाट बघत होतो, ते त्यांनी अखेर म्हटलं, सगळ्यांसमोर. आणि त्याच वाक्यानं बाईंनी मान माझ्याकडे वळवली. शिक्षकांनी वळवली. "मग तुम्ही सांगा," बाई म्हणाल्या, "बरोबर आहेत?"

कंपनी चांगली होती. भाव चांगला होता. पण आत काय आहे हे मी बघितलेलं नव्हतं, आणि हो म्हटल्यावर बाईंच्या लेखी माझा शब्द पणाला लागणार होता. मी काकांकडे बघितलं. ते खिडकीतून बाहेर बघत होते. मी पेचकस मागितला. एका डब्याचं वॉरंटीचं सील स्वतःच्या नखानं फाडलं, स्क्रू काढले आणि झाकण उचलून डबा बाईंच्या पुढ्यात ठेवला. आत ट्रान्सफॉर्मर होता, तांब्याच्या कॉइल होत्या, ॲल्युमिनियमचे जाड पत्रे होते. सगळं जिथल्या तिथं.

बाई म्हणाल्या, "जोडा."

सगळी कामं मला मिळाली. जालना, बीड, परभणी. आता गिऱ्हाईक नवीन माल बघायला आलं की मी एक डबा त्याच्यासमोर उघडतो, आणि त्याच्या वॉरंटीचं नुकसान मीच सोसतो. लोक म्हणतात, हे काकांनी लावलेलं वळण. काकांनी काहीएक लावलं नाही. इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी मला दुसरा रस्ता ठेवला नव्हता, एवढंच. मी तिथं उघडलेल्या डब्यात त्यांनी वाकून बघितलं, चष्मा सारखा केला आणि मला म्हणाले, "बघा शेठ, एवढंच तर करायचं व्हतं, मीठ सांगितलं त्या दिवशी."

त्यांना जाऊनही इतके दिवस झाले, पण ते "एवढंच" आठवलं की माझं डोकं अजून फिरतं.